चेनसॉ पुन्हा पुन्हा ‘कापत नाही’? नवा घेण्याआधी हे तपासा

मागच्या महिन्यात एक गृहस्थ चेनसॉ घेऊन आले. झाडतोडीचं काम नेहमीचं, आणि सव्वातीन वर्षांत त्यांचं हे तिसरं मशीन. पहिलं दीड वर्ष चाललं, दुसरं वर्षभर, आणि हे तिसरं आठ महिन्यांतच ‘कापत नाही’ म्हणून बाजूला पडलं होतं. त्यांना माझ्याकडून एवढंच हवं होतं की चौथं कोणतं घ्यावं. या वेळी मोठ्या इंजिनाचं घ्यायचं त्यांनी जवळपास नक्की केलं होतं.

मी ते मशीन एका ओंडक्यापाशी नेलं. दुसऱ्या ओढीला सुरू झालं, आवाज खणखणीत, रेस द्यावी तशी घेतंय. चेन लाकडाला लावली आणि दुखणं दिसलं. काप पुढे सरकत नव्हता, लाकडातून धूर येत होता आणि खाली पडत होता पिठासारखा बारीक भुसा. मशीन थंड होऊ दिलं, पंचवीस मिनिटं बसून चेनला नीट धार लावली आणि परत त्याच ओंडक्यावर धरलं. बार, म्हणजे चेन जिच्यावर फिरते ती लांब पट्टी, स्वतःच्या वजनानं खाली उतरला. ते गृहस्थ बराच वेळ काही बोलले नाहीत. आधीची दोन मशीनं त्यांनी भंगारात दिली होती, आणि ऐकलेल्या लक्षणांवरून मला वाटतं, त्यातलं निदान एक तरी चांगलं होतं.

म्हणून आधी दुखणं कुठं आहे ते शोधा. जुन्या मशीनचं कारण कळलं नाही तर तेच कारण नव्या मशीनलाही तेवढ्याच महिन्यांत गाठतं.

पहिली खूण: भुसा

धार असलेली चेन लाकडाच्या जाडसर ढलप्या फेकते. बोथट चेन पीठ पाडते. इंजिन जोरात फिरतंय, पण पीठ पडतंय आणि मशीन दाबून धरावं लागतंय, तर दोष चेनचा आहे, इंजिनाला हात लावू नका. उलट ढलप्या चांगल्या पडतायत, पण लाकडात शिरलं की आवाज खाली बसतो आणि मशीन बंद पडतं, तर इंजिनाकडे वळा. आणि ढलप्याही चांगल्या, आवाजही चांगला, पण तुमच्या रोजच्या खोडाला बारच पुरत नाही किंवा तासाभरात हात भरून येतात, तेव्हाच नवं मशीन निवडण्याचा प्रश्न खरा.

माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत पहिला प्रकार सर्वांत जास्त असतो, म्हणून त्यावरच जास्त लिहितो.

धार लावूनही टिकत नाही, असं का होतं

चेनचा दात समजून घेतला की अर्धं काम झालं. आजच्या चेनचा मूळ नमुना अमेरिकेतल्या जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याचा. १९४६ मध्ये त्यानं लाकूड पोखरणारी एक अळी पाहिली. ती नाकासमोर सरळ न खाता एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असं कुरतडत पुढे जात होती. त्यावरून त्यानं डावा दात, उजवा दात अशी चेन बनवली. तुमच्या मशीनवरची चेन अजून तशीच आहे. प्रत्येक दाताला वरचं पातं आणि बाजूचं पातं, आणि ती दोन्ही जिथं मिळतात तो कोपरा. खरं कापण्याचं काम त्या टोकदार कोपऱ्याचं.

दात उन्हाकडे धरून त्या कोपऱ्याकडे नीट पाहा. धार असेल तर तिथं काही चमकत नाही, कारण खऱ्या धारेला रुंदीच नसते. पांढरी चमकणारी बारीक रेघ दिसली तर धार गेलेली आहे. ती रेघच बोथटपणा.

आता मुख्य गोष्ट. दाताच्या बाहेरच्या अंगाला क्रोमचा पातळ, फार कठीण थर असतो. धार टिकते ती या थरामुळे. चेन एकदा दगडाला, मातीला किंवा खोडात रुतलेल्या खिळ्याला लागली की कोपऱ्यावरचा हा क्रोम उडतो. मग कानस दोन-तीनदा फिरवली तर दात आतून चकचकीत दिसतो, हाताला धारही लागते, पण कोपऱ्यावर आता क्रोम नाही, नुसतं खालचं पोलाद आहे. अशी धार पेट्रोलच्या एका टाकीतच उतरते. ‘धार लावली, पण टिकत नाही’ या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच. उपाय एकच: जिथवर क्रोम उडालाय तिथवर दात मागे घासत न्यायचा, मग प्रत्येक दाताला तीनऐवजी दहा ओढी लागल्या तरी चालतील. कोपऱ्याची चमक पूर्ण जाईपर्यंत थांबायचं नाही.

दुसरं कारण कानशीचा आकार. हाताला येईल ती गोल कानस वापरली की दाताचा आकार बिघडतो. ३/८ इंच पिचच्या (पिच म्हणजे चेनच्या कड्यांचं माप) बुटक्या, लो-प्रोफाइल चेनला ४ मिलिमीटरची, ०.३२५ इंच पिचच्या चेनला ४.८ ची, आणि मोठ्या ३/८ चेनला ५.२ किंवा ५.५ मिलिमीटरची कानस लागते. पिच बारवर कोरलेली असते. पुसली गेली असेल तर सलग तीन रिव्हेटांमधलं अंतर मोजून त्याला दोननं भागा. कानस दातात बसवली की तिचा साधारण पाचवा भाग वरच्या पात्याच्या वर राहायला हवा. फार जाड कानशीनं धार उताणी होते आणि लाकूड चावतच नाही. फार बारीक कानशीनं धार आकड्यासारखी आत वळते. ती पहिल्या दोन कापांत जोरात धावते आणि मग लगेच बसते.

एक दात कसा घासायचा ते सांगतो. इग्निशन बंद, आणि प्लगची टोपी काढलेली बरी. बार शेगड्यात (व्हाइसमध्ये) पकडा किंवा ओंडक्यात खाच पाडून तीत पक्का बसवा. चेन ब्रेक लावा, म्हणजे चेन सरकणार नाही. कानस दाताच्या आतून बाहेरच्या बाजूला ढकला, फक्त पुढे जाताना दाब. मागे येताना कानस उचलून आणा, घासत आणू नका, नाहीतर कानस लवकर मरते. बहुतेक चेनना वरच्या पात्याचा कोन ३० अंश असतो. पुष्कळ दातांवर त्यासाठी तिरकी रेघ कोरलेली असते, तिला समांतर राहा. चांगली लागलेली कानस हाताला कळते: सुरुवातीला खरखर घसरते, आणि मग अचानक एकसारखा, भरीव आवाज येऊ लागतो. तो आला की एक-दोन ओढी आणि पुढचा दात. एका बाजूचे सगळे दात झाले की दुसऱ्या बाजूला जा.

काप सरळ न जाता तिरका का जातो, याचंही उत्तर यातच आहे. उजव्या हाताच्या माणसाचा एका बाजूला जोर जास्त लागतो, त्या बाजूचे दात जास्त घासले जातात. मग एका बाजूचे दात लांब, दुसऱ्या बाजूचे आखूड, आणि काप चंद्रकोरीसारखा वळत जातो. एकाच बाजूच्या दातांना दगड लागला तरी हेच होतं, काप धारदार राहिलेल्या बाजूकडे ओढला जातो. सगळ्यांत आखूड दात शोधा, कॅलिपरनं मोजा आणि बाकीचे त्याच्याएवढे करा. एवढं करूनही काप वळत असेल तर बारच्या दोन्ही कडा तपासा. बार सपाट फरशीवर उभा ठेवला आणि एका बाजूला कलला, तर एक कड खाली गेलेली आहे. चपट्या कानशीनं दोन्ही कडा सारख्या करा, बाहेर आलेली कोर काढा, आणि दर वेळी चेन उतरवली की बार उलटा करून बसवा, म्हणजे झीज दोन्ही अंगांना वाटली जाते.

प्रत्येक दाताच्या पुढे एक बुटका उंचवटा असतो, त्याला डेप्थ गेज म्हणतात. दात लाकडात किती खोल शिरेल हे तोच ठरवतो. दात घासत गेलं की दात खाली येतो आणि उंचवटा तेवढाच राहतो, म्हणून धार उत्तम असूनही चेन नुसती घसरते. चार-पाच धारांनंतर गेजची पट्टी ठेवून तो चपट्या कानशीनं उतरवा. बहुतेक चेनना फरक ०.६५ मिलिमीटरच्या आसपास लागतो, पण तुमच्या चेनचा आकडा पुस्तिकेत पाहा. ‘अजून थोडं उतरवलं तर आणखी जोरात कापेल’ या मोहात पडू नका. उंचवटा जास्त उतरला की दात लाकडाला हिसका देतो, मशीन उसळतं आणि बारचं टोक तोंडाकडे येण्याचा धोका वाढतो. यावरून मी लोकांशी भांडतो, आणि भांडत राहीन.

धार किती वेळा? माझा नियम, दर वेळी टाकी भरताना चेनकडे पाहायचं. एक-दोन टाक्यांनंतर प्रत्येक दाताला तीन ओढी दिल्या तर पंचवीस मिनिटांची बैठक कधीच लागत नाही.

तेल आणि ताण

बार काळा-निळा पडतोय, चेन सारखी सैल होतेय, तर तेल पोचत नाही. बारचं टोक एखाद्या स्वच्छ पुठ्ठ्याकडे, न टेकवता, धरून रेस द्या. काही सेकंदांत पुठ्ठ्यावर तेलाची रेघ उमटायला हवी. उमटली नाही तर बार काढा. त्याच्या बुडाशी एक बारीक भोक असतं, ते भुशाच्या लगद्यानं बुजलेलं सापडेल. तारेनं ते आणि बारची खाच साफ करा. पेट्रोलची एक टाकी संपते तेव्हा तेलाची टाकीही जवळपास संपलेली हवी. ती अर्धी भरलेली उरत असेल तर गडबड आहे. गाडीचं काढून टाकलेलं काळं ऑईल यात घालू नका. त्यातले धातूचे कण पंप खातात, आणि ते तेल तुमच्या हातांवर आणि श्वासात जातं.

चेनचा ताण असा हवा की ती बारच्या खालच्या अंगाला चिकटून राहील, पण हातमोजा घातलेल्या हातानं सहज ओढता येईल. गरम असताना ताणलेली चेन काम संपल्यावर सैल करून ठेवा. थंड होताना ती आकसते आणि तो ताण थेट क्रँकशाफ्टवर येतो. नवी चेन लवकर सैल होतेय तर ड्राइव्ह स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं दातेरी चाक, तेही पाहा. झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवी चेन चढवली की तीही लवकर जाते. दोन-तीन चेन झाल्या की स्प्रॉकेट बदलणं मी धरूनच चालतो.

इंजिन खरंच दम सोडत असेल तर

इथं लक्षण आणि कारण यांच्या काही जोड्या पाठ असाव्यात.

दहा-पंधरा मिनिटं छान चालतं, मग बंद. टाकीचं झाकण उघडलं की हवा आत शिरल्याचा ‘फुस्स’ आवाज, आणि त्यानंतर परत छान. टाकीचा श्वास, म्हणजे तिला हवा देणारा मार्ग, बुजला आहे. तो भाग काढून साफ करा किंवा बदला, कार्बोरेटर खोलायचं कारण नाही.

हळू चालतं, पण पूर्ण रेस घेत नाही. आधी एअर फिल्टर, मग टाकीतला पेट्रोल फिल्टर, मग सायलेन्सरच्या तोंडाची जाळी. ही जाळी कुणी पाहत नाही. ऑईल जास्त पडलं किंवा मशीन नेहमी अर्ध्या रेसवर चालवलं की ती काजळीनं बंद होते. काढून ब्रशनं घासली की मशीन मोकळं होतं.

गरम झाल्यावर बंद केलं की परत सुरूच होत नाही, थंड झालं की होतं. यात तीन शक्यता: इग्निशन कॉईल गरम झाली की ठिणगी देत नाही, कार्बोरेटरमधलं पेट्रोल उष्णतेनं उकळतंय, किंवा कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गेलं आहे. गरम असतानाच प्लग काढून ठिणगी तपासा, पण प्लगच्या भोकापासून आणि पेट्रोलपासून लांब. ठिणगी असेल तर पुढे कॉम्प्रेशन पाहायचं.

इंजिन संपलं की नाही हे मी असं ठरवतो. थंड मशीनचा सायलेन्सर उतरवतो, दोन-तीन बोल्ट असतात. आत एक्झॉस्टच्या खिडकीतून पिस्टन दिसतो. दोरी हळूहळू ओढत तो वर-खाली करून टॉर्चच्या उजेडात पाहतो. चांगल्या पिस्टनवर कारखान्यातल्या कातकामाच्या बारीक आडव्या रेघा अजून दिसतात. त्यावर उभे ओरखडे, खरवडलेले पट्टे असतील तर पिस्टन पकडलेला आहे, आणि मोठ्या खर्चाचा निर्णय इथं घ्यावा लागतो.

पण पिस्टन पकडला कशानं, हेही शोधायला हवं. तीनच कारणं पुन्हा पुन्हा दिसतात. पेट्रोलमध्ये ऑईल कमी किंवा नाहीच. कार्बोरेटर बारीक केलेला, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त: आवाज चढतो, मशीन तेज झाल्यासारखं वाटतं, पण आत थंडावा आणि तेल दोन्ही कमी पडतं. किंवा रबरी नळीतून, सीलमधून बाहेरची हवा शिरते. हे शेवटचं असेल तर बंद पडण्याआधीच्या दिवसांत मशीनचा आयडल, म्हणजे रेस न देतानाचा वेग, आपोआप वर-खाली होत असतो.

पेट्रोलचं मिश्रण हे पूर्ण तुमच्या हातात आहे. ५०:१ म्हणजे एका लिटरला २० मिलिलिटर टू-स्ट्रोक ऑईल, ४०:१ म्हणजे २५. तुमच्या मशीनला कोणतं, ते पुस्तिकेत लिहिलेलं असतं. मिश्रण वेगळ्या कॅनमध्ये करा, टाकीत नाही, आणि दर वेळी भरण्याआधी कॅन हलवा. कॅनवर तारीख लिहा. महिन्याच्या वर राहिलेलं मिश्रण मी चेनसॉत घालत नाही. इथेनॉल असलेलं पेट्रोल हवेतलं पाणी ओढतं, आणि कार्बोरेटरमधले पातळ पडदे त्यानं कडक होतात. महिनाभर काम नसेल तर टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद होईपर्यंत चालवा.

आता नवं घ्यायचंच असेल

पिस्टन गेला, सुटे भाग मिळत नाहीत, किंवा कामच मोठं झालं, तर निवड करा.

सुरुवात तुमच्या रोजच्या खोडापासून करा, वर्षातून एकदा येणाऱ्या राक्षसी खोडापासून नको. दहांपैकी आठ खोडं ज्या जाडीची, त्याहून साधारण ५ सेंटिमीटर लांब बार पुरेसा. त्याहून जाड खोड दोन्ही बाजूंनी कापता येतं. फांद्या आणि ३० सेंटिमीटरपर्यंतचं काम असेल तर ३५ ते ४० सीसी. रोज मध्यम खोडं पाडायची असतील तर ५० सीसीच्या घरातलं व्यावसायिक मशीन आणि ४० ते ४५ सेंटिमीटरचा बार, हा माझ्या मते सर्वांत उपयोगी जोड. ७० सीसीच्या पुढचं मशीन रोज जाड खोडांतच काम असणाऱ्यांसाठी. लहान इंजिनावर लांब बार चढवणं ही नेहमीची चूक. इंजिन ओढत राहतं, टोकापर्यंत तेल पोचत नाही, आणि सहा महिन्यांत ‘कापत नाही’ची तक्रार परत येते.

पेटीवरच्या सीसीपेक्षा किलोवॅट आणि वजन हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. ५० सीसीचीच दोन मशीनं असतात, एक ३ किलोवॅट आणि बारशिवाय ५ किलोच्या आत, दुसरं २.६ किलोवॅट आणि साडेपाच किलोच्या वर. पहिल्याचं इंजिन मॅग्नेशियमच्या खोक्यात असतं, खोलून पिस्टन बदलता येतो. रोजच्या कामाला ते. आठवड्यातून एखाद्या दिवसाला दुसरंही पुरेल.

कंप दुर्लक्षू नका. वर्षानुवर्षं कंप घेतलेल्या हातांची बोटं गारठ्यात पांढरी पडतात, आणि ते नुकसान नेहमी भरून येतंच असं नाही. युरोपातल्या नियमांत आठ तासांच्या दिवसासाठी कंपाची मर्यादा ५ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे, आणि २.५ पासूनच उपाय करायला सांगितलेलं आहे. पुस्तिकेत दोन्ही मुठींचा कंप दिलेला असतो, तो या आकड्यांशी ताडून पाहा.

बॅटरीचं मशीन? फांद्या छाटणं, अधूनमधून कापणं, आवाज नको असेल अशी जागा, तिथं मी ते आनंदानं सुचवतो. त्यात मिश्रण, कार्बोरेटर, दोरी यांचं एकही दुखणं नाही. दिवसभर जाड खोडं असतील तर बॅटऱ्यांची संख्या आणि गरम होऊन थांबणं आड येतं. धारेचे सगळे नियम मात्र त्यालाही तसेच. वरून धरायची मूठ असलेलं छोटं मशीन हलकं म्हणून जमिनीवरच्या कामाला घेऊ नका. ते झाडावर दोराला बांधून काम करणाऱ्या प्रशिक्षित माणसासाठी आहे, त्यात दोन हातांमधलं अंतर कमी आणि उसळी आवरणं अवघड.

चेनही निवडायची असते. चौकोनी कोपऱ्याची फुल चिझल चेन स्वच्छ, हिरव्या लाकडात वेगानं जाते, पण मातीत लगेच मरते. गोलसर कोपऱ्याची सेमी चिझल थोडी हळू, पण वाळलेल्या, कठीण, धुळीनं माखलेल्या लाकडात धार धरून राहते. त्या गृहस्थांचं काम बरंचसं जमिनीवर पडलेल्या, मातीत लोळलेल्या ओंडक्यांचं. त्यांना चौथ्या मशीनऐवजी मी सेमी चिझलच्या दोन चेन, ४.८ ची कानस आणि गेजची पट्टी घ्यायला सांगितलं. सोबत पायांना काप-रोधक पँट आणि कानांना मफ, कारण ते दोन्ही त्यांच्याकडे नव्हते.

मशीन हातात घेऊन ठरवाल तेव्हा तीन गोष्टी तिथंच करून पाहा. आयडलवर चेन पूर्ण थांबते का. चालू चेनवर ब्रेक मारला तर तत्क्षणी अडकते का. आणि बारसकट मशीन पुढच्या मुठीला धरून उचललं की नाक जमिनीकडे झुकतं का. फार झुकत असेल तर आखूड बार मागा.